लांडगपाठीचे नऊ बुडखे

शनिवारी दुपारी इरिमीने चष्मा आणला नसता, तर आक्सेनियाचं प्रदर्शन सुखरूप पार पडलं असतं. टाळ्या पडल्या असत्या, क्लुज शहराहून आलेल्या पाहुण्यांनी फोटो काढले असते, आणि मालिनोआसा गावाने नेहमीप्रमाणे आपल्याला काहीच दिसलं नाही असं ठरवून टाकलं असतं. पण म्हाताऱ्याने चष्मा आणला, आणि तोही पुसून आणला.

गावच्या सभागृहात एकतीस ठसे टांगायचे होते. एकेक ठसा म्हणजे डोंगरावरच्या एकेका बुडख्याचा. आक्सेनिया गावच्या शाळेत वीस वर्षं चित्रकला शिकवत होती, आणि गेली दोन वर्षं सुट्टी मिळाली की पाठीवर शाईचे डबे बांधून वर जात होती. कापलेल्या झाडाचा बुडखा रंध्याने साफ करायचा, गॅसच्या ज्योतीने जरासा भाजायचा, म्हणजे मऊ लाकूड खाली बसतं आणि वयाची वर्तुळं उठून दिसतात. मग त्यावर रुळाने काळी शाई फिरवायची, पातळ कागद अंथरायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने तासन् तास घासत बसायचं. दीडशे वर्षांचं झाड असेल तर दीडशे वर्तुळं कागदावर येतात, दुष्काळाची बारीक आणि सुगीची रुंद. गावातली टवाळ पोरं तिला बुडखेबाई म्हणायची. म्हणोत बापडी. लाकडाचे ट्रक रोज दारावरून जात होते आणि गाव डोळ्यांवर कातडं ओढून बसलं होतं. वर जाऊन काय उरलंय ते बघायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून आक्सेनियाने बुडखेच खाली आणले.

प्रत्येक वर्तुळाखाली तिने कागदाची एक अरुंद पट्टी चिकटवली होती. झाड तोडायची परवानगी असेल तर वनरक्षक आधी मुळाजवळची साल तासतो आणि तिथे आकडा कोरलेल्या हातोड्याने शिक्का मारतो. झाड जातं, शिक्का बुडख्यावर राहतो. ज्यावर शिक्का नाही ते झाड चोरीचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आक्सेनियाने प्रत्येक बुडख्याच्या त्या जागेवर कागद धरून कोळसा घासला होता. बावीस पट्ट्यांवर नुसतीच लाकडाची रेघारेघांची नक्षी उमटली होती. उरलेल्या नऊंवर शिक्का होता, तीनशे अठरा.

ते नऊ ठसे तिने खिडकीच्या भिंतीला वेगळे लावले होते आणि वर आपल्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली होती, ‘ही झाडं नियमाने तोडली.’ अर्ध्या गावाची चूल लाकूड-कारखान्यावर पेटते. आपण लाकूड कापायच्याच विरुद्ध नाही, चोरीच्या विरुद्ध आहोत, हे लोकांना कळावं असं तिला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर तीनशे अठराचा हातोडा वनरक्षक असलेल्या तिच्या धाकट्या भावाचा होता. नोकरीच्या पहिल्याच दिवशी गाव्रिलच्या हातून तो खडकावर पडला होता आणि आठाच्या खालच्या गोलाला एक टवका उडाला होता. संध्याकाळी तो रडवेला होऊन तिच्याकडे आला होता. तिने त्याला मक्याच्या पिठाचा गरम मामालिगा आणि चीज वाढलं होतं आणि म्हटलं होतं, बरं झालं, आता तुझी सही कुणाला चोरता येणार नाही. तो टवका नऊच्या नऊ पट्ट्यांवर स्पष्ट आला होता. ती भिंत लावताना आक्सेनियाला अभिमान वाटला होता, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

इरिमीने चाळीस वर्षं जंगलात करवत चालवली होती, आणि त्यापायी डाव्या हाताची तीन बोटं गमावली होती. तो शिडी धरायला आला होता. पण शिडी सोडून तो खिडकीच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला आणि चष्मा लावून एकेक शिक्का बघू लागला.

“हे कुणी मारले?” त्याने विचारलं.

“गाव्रिलने. दुसरं कोण मारणार?”

“ते दिसतंय मला. कधी मारले, ते विचारतोय.”

आक्सेनियाला प्रश्नच कळला नाही. कधी म्हणजे काय, तोडायच्या आधी.

इरिमीने मान हलवली. “पोरी, स्प्रूसच्या जिवंत झाडाला मारलं की ते रडतं. आठवड्याभरात राळ येऊन शिक्का भरून जातो. पुढच्या मोसमात झाड कापेपर्यंत आकडा बोटानेच चाचपावा लागतो. तू त्यावर कागद घासलास तर काय येईल? काळा डाग.” त्याने उरलेल्या दोन बोटांनी हवेतच आठाचा गोल काढला. “आणि हे बघ. टवकासुद्धा मोजून घ्यावा असा. हे शिक्के मढ्यावर मारलेत.”

आक्सेनियाला जंगलाच्या खालच्या पट्ट्यातल्या रीतसर तोडीचे पाच ठसे आठवले. गेल्या वर्षी तिने तेही घेतले होते. त्यांचे शिक्के असेच काळे डाग आले होते, फिसकटलेले. खराब आले म्हणून तिने ते चुलीत घातले होते. सुबक आले तेवढे ठेवले, आणि सुबक आले ते हे.

“शिवाय लांडगपाठीवर,” इरिमी म्हणाला. लांडगपाठ म्हणजे ओढ्यापलीकडचा राखीव उतार. तिथलं फक्त रोगी झाड काढता येतं, आणि या नऊंची नोंद सरकारी कागदात रोगी अशीच होती. त्याने वर्तुळांच्या मधोमध बोट ठेवलं. “हा गाभा बघ. कुठे आहे रोग? माझ्यापेक्षा धडधाकट होती ती.”

मग त्याने चष्मा काढून खिशात घातला. आपण कुणाला काही सांगणार नाही, म्हणाला. दोन्ही जावई होदोरच्या लाकूड-कारखान्यात होते आणि म्हातारपणी त्याला घरात शांतता हवी होती. पण मला दिसलं ते आणखी चार म्हाताऱ्यांना दिसेल, एवढं सांगून तो शिडी तशीच सोडून निघून गेला.

ती खुर्चीवर बसली, तोवर दारात साबिन होदोर उभा. माणूस दिसायला देखणा, बोलायला लोण्यासारखा, आणि कारखान्याचा मालक. उद्याच्या पाहुण्यांसाठी त्याने पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणि साठ खुर्च्या पाठवल्या होत्या. बिनशिक्क्याच्या बावीस ठशांवरून त्याने दुकानातून फिरावं तशी नजर फिरवली. ते चोर पलीकडच्या खोऱ्यातले, असं तो गेली पाच वर्षं सांगत होता, आणि उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. खिडकीच्या भिंतीसमोर मात्र तो थांबला. पाटी त्याने दोनदा वाचली.

“बाई, तुम्ही न्यायाने वागलात,” तो म्हणाला. “लांडगपाठीची चौकशी लागलीय, तुम्हाला कल्पना असेलच. माझ्या वकिलाला म्हटलं, गावातली सगळ्यात कडक बाईसुद्धा ही झाडं नियमाची मानते. तो उद्या फोटो घ्यायला येतोय.” निघताना तो दारात वळला. “पाटी उद्याही इथेच असेल ना?”

आक्सेनियाची नजर पाटीकडे गेली. त्याने तो होकार धरला.

प्रदर्शन रविवारी, चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर उघडायचं होतं. म्हणजे तिच्या हातात वीस तास होते.

गाव्रिल कुरणावर होता. जुलैचा दुसरा आठवडा, गवत कापून पडलेलं, आणि पश्चिमेला ढग जमायला लागलेले. त्याची बायको दोकिया दोन्ही मुलींना घेऊन खालच्या टोकाला दंताळ्याने गवत उलटत होती. बहिणीला चढ चढून येताना पाहून गाव्रिलने कामाला लावायला एक दंताळं पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

“लांडगपाठीचे नऊ,” ती म्हणाली. “झाडं पडल्यावर मारलेस ना?”

त्याने आधी कानावर हात ठेवले. मग चिडला. तू चित्रं काढ, जंगलाचं मला शिकवू नकोस, म्हणाला. मग आक्सेनियाने इरिमीचं नाव काढलं. त्याने दंताळं जमिनीत रोवलं आणि त्यावर भार टाकून उभा राहिला.

“पाम्फिल आठवतो?” त्याने हळूच विचारलं. दोकियाला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने पाठ फिरवली होती.

पाम्फिल शेजारच्या पट्ट्याचा वनरक्षक. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो जंगलाच्या रस्त्यावर सापडला होता, दोन्ही पाय मोडलेले. घसरून पडला, असं त्याने स्वतःच लिहून दिलं. तो आता काठी घेऊन चालतो आणि जंगलाकडे तोंड करून बसत नाही.

“त्याच्यानंतर आठ दिवसांनी होदोरची माणसं माझ्याकडे आली,” गाव्रिल म्हणाला. “मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाले, तुझ्या पोरी शाळेला जंगलाच्या वाटेनेच जातात ना? मग मला गाडीत बसवून वर नेलं. झाडं आधीच पडलेली होती. एकाने बॅटरी धरली, मी नऊ वेळा हातोडा मारला. पैसे देत होते. घेतले नाहीत मी, ताई. त्याने काय फरक पडतो म्हणा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगून तू काय केलं असतंस? चित्र काढलं असतंस?”

हे लागलं. ती म्हणाली की पाटी खोटी आहे आणि ती काढावीच लागेल. गाव्रिल म्हणाला, सगळी भिंतच काढून टाक, बावीस पुरेत. ती म्हणाली, होदोरने ती पाहिली आहे, त्याचा वकील येणार आहे. भिंत गायब झाली तर तो विचारणार, आणि तुलाच आधी विचारणार.

“मग पाटी राहू दे,” तो म्हणाला. “काय बिघडतं? मेलेली झाडं मेलीच आहेत. मला आत टाकलं तर हे गवत कोण उलटणार? यांना कोण बघणार?” त्याने खालच्या टोकाकडे मान वळवली. धाकटीने दंताळ्याचा घोडा केला होता आणि दोकिया तिच्यावर ओरडत होती. “एक आकडाच आहे तो. पट्टी काप. तुझ्याकडे सुरी नाही का?”

आक्सेनिया उतार उतरली. वाटेत तिला भावाचा राग आला, स्वतःचा आला, आणि चष्मा पुसून आणणाऱ्या म्हाताऱ्याचाही आला.

सभागृहात पोचली तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. तिने आतून कडी लावली, पाटी उतरवली आणि फाडून तिचे चार तुकडे केले. एवढं सोपं होतं. मग तिने पहिला ठसा खाली घेतला, टेबलावर पसरला, पट्टीवर पोलादी पट्टी ठेवली आणि सुरी ओढली. तीनशे अठराचा शिक्का वेगळा झाला. त्या जागी तिने कोरा कागद चिकटवला. काम इतकं नीटस झालं की तिला स्वतःचीच भीती वाटली. त्यावर लाकडाची नक्षी घासली की कुणाला काही कळलं नसतं. शिक्के नसलेले बुडखे बावीसऐवजी एकतीस झाले असते, चोर पलीकडच्या खोऱ्यातलेच राहिले असते, आणि भाऊ घरी राहिला असता.

दुसरा ठसा तिने पालथा घातला, कारण मागून कापलं की कागदाची कड फाटत नाही. मागे तिच्याच पेन्सिलीची नोंद होती. प्रत्येक ठशामागे ती तारीख, हवा आणि सोबत कोण होतं ते लिहायची, सवयच होती. इथे लिहिलं होतं, ‘१२ ऑगस्ट. सकाळी धुकं. गाव्रिलने वाट दाखवली. पाणीही त्यानेच वाहिलं.’

तिच्या हातातली सुरी थांबली. लांडगपाठीवर जायचं तिच्या मनातही नव्हतं. राखीव उतार, तिथे तोड होते हेच तिला माहीत नव्हतं. गाव्रिलच एका संध्याकाळी तिच्या अंगणात येऊन बसला होता, होरिंका दारूचे दोन प्याले झाल्यावर म्हणाला होता, ताई, ओढ्यापलीकडे मोठे बुडखे आहेत, तुझ्या कामाचे. चल, मी नेतो. आणि वर, ती शाईचा डबा उघडत असताना, आपणहून म्हणाला होता, खालचा शिक्काही घे हं, विसरू नकोस. नऊ दिवस त्याने खालच्या ओढ्यातून तिच्यासाठी पाणी वाहून आणलं होतं. एकेका बुडख्याला तो तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. तिला वाटलं होतं भावाला अखेर आपल्या कलेची गोडी लागली. तिच्यासारखी मूर्ख बाई सबंध मारामुरेश जिल्ह्यात शोधून सापडली नसती.

जे त्याला बोलता येत नव्हतं, ते त्याने तिला कागदावर घ्यायला लावलं होतं. आणि तिने त्यावर पाटी लावली होती, नियमाने तोडली.

ती बराच वेळ रडली. मग तिने सुरी मिटली आणि दोन्ही ठसे परत भिंतीला टांगले, पहिला कोऱ्या पट्टीचा, बाकीचे आठ जसेच्या तसे.

रविवारी सभागृह भरलं. कुणी चित्रं बघायला आलं होतं, कुणी पाणी फुकट आहे म्हणून, आणि बरेचसे होदोर काय तोंड करतो ते बघायला. क्लुजच्या कलादालनाची स्मारांदा नावाची तरुण बाई आली होती, आणि तिच्याबरोबर जिल्ह्याहून वनखात्याच्या चौकशीचा एक अधिकारी, बारीक, घामाघूम. होदोर पहिल्या रांगेत बसला होता. त्याचा वकील फोन हातात घेऊन खिडकीच्या भिंतीसमोर घुटमळत होता. इरिमी शेवटच्या रांगेत दोन जावयांच्या मध्ये दाबून बसला होता. गाव्रिल गणवेशात दाराला टेकून उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

लोक बावीस ठशांपुढून सरकत गेले. बायका वर्तुळं मोजत होत्या. आपल्या आईच्या जन्माचं वर्तुळ कुठलं, आपल्या लग्नाचं कुठलं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. इतक्या मोठ्या कागदांवर इतकी वर्षं काळीकुट्ट होऊन समोर आली की माणसाला आवाज चढवायला लाज वाटते. आक्सेनियाने दोन वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते हेच होतं, आणि तिला त्यातलं काहीही जाणवत नव्हतं.

अखेर सगळे खिडकीच्या भिंतीकडे वळले. वकिलाने होदोरच्या कानात काही सांगितलं. होदोर उठला.

“बाई, काल इथे एक पाटी होती,” तो हसत म्हणाला. “पाहुण्यांना सांगा ना काय लिहिलं होतं ते.”

“होती,” आक्सेनिया म्हणाली. “ही झाडं नियमाने तोडली, असं लिहिलं होतं मी. ते चूक होतं. ही झाडं आधी तोडली आणि शिक्के मागाहून मारले. जिवंत झाडावरचा शिक्का राळेने भरतो. हे भरलेले नाहीत. आणि यातलं एकही झाड रोगी नव्हतं, गाभा बघा.”

सभागृहात कुजबूज उठली. होदोरचं हसू जागचं हललं नाही. “शाळामास्तरणीला राळेतलं काय कळतं?” त्याने गावाकडे वळून विचारलं. “इथे चाळीस-चाळीस वर्षं जंगलात घालवलेली माणसं बसलीत. विचारा त्यांना.”

सगळ्यांनी इरिमीकडे पाहिलं. इरिमीने जमिनीकडे पाहिलं. बाकीचे म्हातारेही मूग गिळून बसले. त्यांना सगळ्यांना दिसलं होतं, ते त्यांच्या मानांवरून कळत होतं.

जिल्ह्याचा अधिकारी पुढे आला. त्याने आठ शिक्के एकामागून एक पाहिले, मग पहिल्या ठशाखालच्या कोऱ्या पट्टीवर बोट फिरवलं. कागदाची कड त्याला लागली. “इथलं कापलंय,” तो म्हणाला. “कुणी?”

“मी. काल.”

“का?”

“मला भीती वाटली.”

“हातोडा कुणाचा आहे हे तुम्हाला माहीत आहे?”

“आहे,” आक्सेनिया म्हणाली. “पण ते मी सांगणार नाही.”

तेवढ्यात दार वाजलं. तिने वळून पाहिलं तर गाव्रिलची जागा रिकामी होती. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. गेला पळून, तिला वाटलं, आणि त्या क्षणी तिला हायसं वाटलं हेही खरं. होदोर पुन्हा खुर्चीवर बसला आणि त्याने पाण्याची बाटली उघडली. आता हवापाण्याच्या गप्पा सुरू कराव्यात तसा तो स्मारांदाला क्लुजच्या उन्हाळ्याबद्दल विचारू लागला. अधिकारी मुकाट्याने फोटो काढत राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही माणसं उठायला लागली.

वनखात्याची चौकी सभागृहापासून रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला आहे. तिथल्या लोखंडी कपाटात हातोडा असतो, आणि कपाटाची किल्ली गाव्रिलच्या कमरेला.

दार उघडलं आणि तो आत आला. हातात लाकडी पेटी होती. मधली वाट त्याला आपोआप मिळाली. आक्सेनियाच्या टेबलावर, लोकांना काम कसं करतात ते दाखवायला, शाईचा पत्रा आणि रूळ मांडून ठेवले होते. गाव्रिलने पेटी उघडली, हातोडा काढला, त्याच्या तोंडावरून रूळ फिरवला. तो नऊ दिवस बहिणीच्या शेजारी बसला होता, त्याला ते बरोबर जमलं. मग तो पहिल्या ठशासमोर गेला आणि कोऱ्या पट्टीवर, भिंत हादरेल असा, हातोडा मारला.

तीनशे अठरा. आठाच्या खालच्या गोलाला टवका.

“माझा आहे,” तो म्हणाला. “नऊही मी मारलेत. झाडं पडल्यावर. रोगी नव्हती. मला वर कुणी नेलं, बॅटरी कुणी धरली, आणि आधी पाम्फिलचं काय झालं, ते मी लिहून देतो.”

होदोर उठला, कोट सारखा केला आणि वकिलाला म्हणाला, चला. जाताना तो गाव्रिलजवळ क्षणभर थांबला. काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही. पण आक्सेनियाने भावाच्या मानेवरची शीर फुगलेली पाहिली.

अधिकाऱ्याने हातोडा रुमालात गुंडाळून घेतला. पोलिसांची गाडी तालुक्याहून निघाली आहे, दीड तास लागेल, म्हणाला. थांबावं लागेल.

“मी घरी असेन,” गाव्रिल म्हणाला. “कुरणावर. पळून कुठे जाणार, गवत अर्धं राहिलंय.”

तो निघाला. आक्सेनिया त्याच्यामागे निघाली, तशीच, चर्चला घालायच्या स्कर्टमध्ये आणि शहरी बुटांत. स्मारांदा तिला थांबवायला बघत होती, अजून भाषण व्हायचं होतं, पण तिने ऐकलं नाही. ओढ्याच्या पुलावर तिने गाव्रिलला विचारलं, लांडगपाठीवर मला मुद्दाम नेलंस ना? त्याने मान डोलावली. मग म्हणाला, तुला कळेल असं वाटलं होतं लगेच. वर्षभर लावलंस.

कुरणावर दोकिया दंताळं टाकून खाली बसली होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती रडत नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग नणंदेकडे असं पाहिलं की आक्सेनियाला ते पुढे कित्येक वर्षं पुरलं. “झालं तुमचं चित्र?” दोकिया म्हणाली. आक्सेनियाने पडलेलं दंताळं उचललं आणि रांगेला लागली. गाव्रिल शेजारच्या रांगेला लागला. थोड्या वेळाने दोकियाही उठली.

ढग डोंगरावर टेकले होते. अर्ध्या तासाने खालून कुणीतरी चढ चढून आलं. इरिमी होता, खांद्यावर स्वतःचं दंताळं. दोन्ही जावई बरोबर नव्हते. त्याने तीन बोटं गेलेल्या हाताने दांडा काखेत धरला आणि चौथ्या रांगेला लागला. त्याच्यामागून काठी टेकत पाम्फिल आला. त्याला गवत उलटता येत नव्हतं. तो बांधावर बसून राहिला, लांडगपाठीकडे तोंड करून.

पोलिसांची गाडी आली तेव्हा दोनच रांगा उरल्या होत्या. हवालदार खाली उतरला, कुंपणाशी आला, गाव्रिलचं नाव घेऊन हाक मारली.

“एवढी रांग संपवून येतो,” गाव्रिल म्हणाला.

हवालदाराने ढगांकडे पाहिलं, टोपी काढून कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि तो थांबला.